'लिब'चा पत्ता: बत्तीस बिटांकडून चौसष्टकडे

१९९८ च्या मार्चमध्ये पुण्यात सी-डॅकने 'परम १००००' हा महासंगणक देशापुढे आणला, तेव्हा त्यात सन कंपनीचे अल्ट्रास्पार्क प्रोसेसर होते. हे प्रोसेसर ६४ बिटांचे, म्हणजे ६४ बिटी आकड्यांवर थेट गणित करणारे आणि स्मृतीतल्या जागांना ६४ बिटी पत्ते देऊ शकणारे. पण त्यांच्यासाठी बनलेली सोलारिस ही प्रणाली तेव्हा अजून ३२ बिटांचीच होती. ६४ बिटी सोलारिस ७ त्याच वर्षाच्या अखेरीस आली. प्रोसेसर आधी रुंद झाला, प्रणाली मागून.

असं एकट्या पुण्यात घडत नव्हतं. ६४ बिटांचा एमआयपीएस आर४००० प्रोसेसर १९९१ मध्ये आला, डेकचा अल्फा १९९२ मध्ये, अल्ट्रास्पार्क १९९५ मध्ये. ३२ बिटांच्या पत्त्याने मोजता येणाऱ्या जागा ४,२९,४९,६७,२९६. म्हणजे चार गिगाबाइट स्मृती, त्यापुढे पत्ताच संपतो. हवामानाची प्रारूपं, भूकंपलहरींची विश्लेषणं, मोठे डेटाबेस यांना ही मर्यादा जाचू लागली होती. रुंद पत्ता हवा होता, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. मतभेद झाले ते वरवर अगदी किरकोळ वाटणाऱ्या एका प्रश्नावर: नव्या रुंदीच्या लायब्ररी कुठल्या डिरेक्टरीत ठेवायच्या?

युनिक्स घराण्याच्या प्रणालींत 'लिब' नावाची एक डिरेक्टरी असते. फाइल उघडणं, अक्षरं छापणं, वर्गमूळ काढणं, खिडकी रंगवणं अशी सगळ्यांना लागणारी कामं प्रत्येक प्रोग्रॅमने नव्याने लिहू नयेत म्हणून ती तयार स्वरूपात तिथे ठेवलेली असतात. प्रोग्रॅम सुरू झाला की 'लोडर' नावाचा छोटा कारभारी त्याला लागणाऱ्या लायब्ररी 'लिब'मधून उचलून जोडून देतो. अडचण अशी, की ३२ बिटी प्रोग्रॅमला ६४ बिटी लायब्ररी चालत नाही. एकाचा पत्ता चार बाइटांचा, दुसऱ्याचा आठ. दोघांना एकाच प्रक्रियेत बांधलं तर पहिल्याच हाकेला घोटाळा होतो. त्यामुळे दोन्ही प्रकारचे प्रोग्रॅम एकाच यंत्रावर चालवायचे, तर प्रत्येक लायब्ररीच्या दोन प्रती लागणार. त्या दोन्ही प्रतींचं नाव मात्र एकच, आणि एका डिरेक्टरीत एकाच नावाच्या दोन फाइली राहू शकत नाहीत.

रुंदी बदलण्याचा अनुभव मुंबईच्या संगणकांना याआधीही आला होता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः घडवलेला आणि १९६० मध्ये कार्यान्वित झालेला 'टिफ्रॅक' ४० बिटांच्या शब्दावर चाले. १९६४ मध्ये तिथे आलेला सीडीसी ३६०० हा ४८ बिटांचा. पुढे आलेल्या डेक-१० ची रुंदी तर ३६ बिट, म्हणजे आधीच्यापेक्षा कमी. तरीही 'लायब्ररी कुठे ठेवायची' हा वाद तेव्हा झाला नाही, कारण बरेचसे प्रोग्रॅम वापरणाऱ्या शास्त्रज्ञांचे स्वतःचेच होते. नवं यंत्र आलं की फोरट्रानचे कागद पुन्हा काढायचे, लागेल तिथे दुरुस्त करायचे आणि नव्याने कंपाइल करायचे. जुनं यंत्र गेलं की त्यावरचे तयार प्रोग्रॅमही गेले.

नव्वदच्या दशकात ही मुभा उरली नव्हती. प्रोग्रॅम आता बाजारात तयार मिळत होते. डेटाबेस एका कंपनीचा, अभियांत्रिकीचं पॅकेज दुसरीचं, आणि मूळ कोड ग्राहकाच्या हातात नाही. विकत घेतलेला ३२ बिटी प्रोग्रॅम ग्राहक स्वतः रुंद करू शकत नव्हता आणि कोट्यवधी रुपये मोजल्यावर तो टाकूनही देऊ शकत नव्हता. डिरेक्टरीचा प्रश्न उभा राहिला तो इथून. प्रोसेसरच्या रचनेइतकाच तो सॉफ्टवेअरच्या व्यापारातून जन्मला आहे, हे या इतिहासात सहसा पुरेसं सांगितलं जात नाही.

सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने सर्वांत आधी सरळ वाट धरली. तिच्या आयरिक्स प्रणालीच्या सहाव्या आवृत्तीत, १९९४ नंतरच्या काळात, तीन डिरेक्टऱ्या दिसू लागल्या. जुन्या ३२ बिटी प्रोग्रॅमांसाठी 'लिब', नव्या धाटणीच्या ३२ बिटींसाठी 'लिब३२' आणि ६४ बिटींसाठी 'लिब६४'. पुढे लिनक्सच्या जगात गाजलेलं हे नाव तिथे असं आधीच रुळलेलं होतं.

सनने वेगळी मांडणी केली. सोलारिस ७ मध्ये जुनी 'लिब' जागची हलली नाही. तिच्याच पोटात 'स्पार्कव्ही९' नावाची उपडिरेक्टरी काढून ६४ बिटी लायब्ररी तिथे ठेवल्या आणि शेजारी '६४' या नावाचा दुवा दिला, म्हणजे प्रोसेसरचं नेमकं नाव ठाऊक नसलं तरी वाट सापडावी. नव्याने आत राहायला यावं, जुन्याला धक्का लागू नये. 'परम १००००' ज्या घराण्यातला होता, त्या सन यंत्रांच्या जगाने ६४ बिटांचा रस्ता असा काढला.

सी-डॅकची पुढची मोठी उडी 'परम पद्म'. मुख्यालय पुण्याचं, यंत्र बंगळुरूला. आयबीएमचे २४८ पॉवर४ प्रोसेसर, सुमारे एक टेराफ्लॉप क्षमता आणि जून २००३ च्या जागतिक पाचशेंच्या यादीत १७१ वा क्रमांक. त्यावरची प्रणाली आयबीएमचीच एआयएक्स होती, आणि एआयएक्सचं उत्तर सगळ्यांहून निराळं. तिथे लायब्ररी म्हणजे एक गठ्ठा. त्या एकाच गठ्ठ्यात ३२ बिटी भागही असतो आणि ६४ बिटी भागही. लोडर गठ्ठा उघडतो आणि समोरचा प्रोग्रॅम ज्या रुंदीचा असेल तो भाग उचलतो. दुसरी डिरेक्टरी लागतच नाही.

परळहून रोज लोकल पकडणाऱ्याला ही युक्ती ओळखीची वाटेल. १९२५ पासून मुंबईची उपनगरी रेल्वे १,५०० व्होल्टच्या डीसी विजेवर धावत होती. ती २५,००० व्होल्टच्या एसीवर न्यायची, तर सेवा एक दिवसही पूर्ण थांबवणं शक्य नव्हतं. म्हणून मार्ग तुकड्यातुकड्याने बदलले आणि मधल्या काळात दोन्ही विजांवर चालणारे रेक धावले. एकाच गाडीच्या पोटात दोन्ही यंत्रणा, खालचा तुकडा ज्या विजेचा असेल ती चालू. पश्चिम रेल्वेवर हे काम २०१२ मध्ये संपलं, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये. एआयएक्सच्या गठ्ठ्यात हाच विचार आहे: मार्ग एक ठेवायचा आणि दुहेरीपण गाडीने वाहायचं. त्याची किंमतही तशीच मोजावी लागते. गठ्ठा जड होतो, आणि नको असलेला अर्धा भाग मागे ठेवायचा म्हटलं तर गठ्ठाच फोडावा लागतो. ॲपलनेही मॅकवर एकाच फाइलमध्ये अनेक प्रोसेसरांसाठीचा कोड भरण्याची वाट घेतली, ती याच जातीची.

लिनक्सचा प्रवास याहून गुंतागुंतीचा, कारण तिथे निर्णय घेणारी एक कंपनी नव्हती. लिनस टॉरव्हॉल्ड्सने लिनक्स अल्फावर नेलं तेव्हा, १९९५ च्या सुमारास, प्रश्न उद्भवलाच नाही. अल्फावर ३२ बिटी लिनक्स कधी नव्हतंच, त्यामुळे ६४ बिटी लायब्ररी सरळ 'लिब'मध्ये गेल्या. खरी कसोटी लागली ती एएमडीमुळे. इंटेलच्या जुन्या ३२ बिटी सूचनांना कायम ठेवून त्यांनाच ६४ बिटांपर्यंत रुंद करण्याची योजना एएमडीने १९९९ मध्ये जाहीर केली आणि एप्रिल २००३ मध्ये ऑप्टेरॉन बाजारात आणला. हा प्रोसेसर जुने प्रोग्रॅमही पूर्ण वेगाने चालवी. त्यामुळे जगातला कुठलाही ३२ बिटी लिनक्स प्रोग्रॅम उद्या या यंत्रावर येणार हे नक्की होतं.

प्रत्यक्ष प्रोसेसर हाती येण्याआधीच सुझे कंपनीतल्या अभियंत्यांनी सिम्युलेटरवर काम सुरू केलं होतं. त्यांच्यापुढे एक न बदलता येणारी गोष्ट होती. प्रत्येक लिनक्स प्रोग्रॅमच्या आत लोडरचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. ३२ बिटी प्रोग्रॅमात तो 'लिब' डिरेक्टरीचा असतो. लाखो प्रोग्रॅम तो पत्ता पोटात घेऊन जगभर पसरलेले. 'लिब'मधून ३२ बिटींना उठवलं असतं तर ते सगळे सुरू होण्याआधीच कोसळले असते. म्हणून ठरलं की जुन्यांनी आहे तिथे राहायचं आणि नव्यांनी 'लिब६४'मध्ये जायचं. ६४ बिटी लोडरचा पत्ता प्रोग्रॅम आणि प्रणाली यांच्यातल्या तांत्रिक करारातच 'लिब६४' असा गोठवला गेला. जानेवारी २००४ मध्ये लिनक्सच्या डिरेक्टऱ्यांची आचारसंहिता, म्हणजे एफएचएसची २.३ ही आवृत्ती निघाली, तिने या मांडणीवर शिक्कामोर्तब केलं. एएमडी६४, पॉवरपीसी ६४, स्पार्क ६४ आणि आयबीएमच्या एस३९०एक्स यांनी ६४ बिटी लायब्ररी 'लिब६४'मध्ये ठेवाव्यात, असं तिने सांगितलं. इंटेलच्या इटॅनियमला मात्र सूट मिळाली. तिथे ६४ बिटीच मुख्य, म्हणून त्या 'लिब'मध्येच.

रेड हॅट आणि सुझे या दोघांनीही हीच रीत धरली, आणि महासंगणकांच्या जगात ती आपोआप पसरली. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्याच्या 'एका' या टाटांच्या महासंगणकाने ११७.९ टेराफ्लॉपची नोंद करून जगात चौथा क्रमांक मिळवला. पुढच्या वर्षी सी-डॅकचा 'परम युवा' उभा राहिला. दोन्ही यंत्रांत ६४ बिटी झिऑन प्रोसेसर आणि वर लिनक्स. परमची पहिली पिढी, १९९१ चा 'परम ८०००', डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ट्रान्सप्युटर नावाच्या ३२ बिटी प्रोसेसरांवर बांधला होता. सतरा वर्षांत रुंदी दुप्पट झाली होती.

'लिब६४' सगळ्यांना पटलं नव्हतं. ज्यांनी ते नाकारलं त्यांचा आक्षेप अभ्यासण्यासारखा आहे. डेबियन या लिनक्स वितरणाच्या मंडळींचं म्हणणं असं, की या नावात दोनच प्रकार मावतात. उद्या त्याच यंत्रावर एआरएमच्या लायब्ररी ठेवायच्या असतील तर त्या कुठे जाणार? त्याही ३२ बिटी, पण इंटेलच्या नव्हेत. शिवाय कायमचा राहायला आलेला ६४ बिटी प्रकार शेपटी लावलेल्या नावाखाली आणि हळूहळू निघून जाणारा ३२ बिटी प्रकार मुख्य जागी, हा क्रम त्यांना उलटा वाटला. म्हणून डेबियनने एएमडी६४ साठीची आवृत्ती निखळ ६४ बिटी केली, लायब्ररी 'लिब'मध्येच ठेवल्या आणि 'लिब६४' हा तिकडे नेणारा नुसता दुवा राहिला.

मग जुन्या ३२ बिटी प्रोग्रॅमांचं काय? त्यांच्यासाठी डेबियनने 'आयए३२-लिब्ज' नावाचं एक अजस्र पॅकेज बनवलं. लोकांना लागतील अशा ३२ बिटी लायब्ररी त्यात कोंबलेल्या. फ्लॅश, स्काइप, वाइन यांच्यासाठी ते लागेच. पण आतली एखादी लायब्ररी सुरक्षेसाठी दुरुस्त झाली की सगळं पॅकेज पुन्हा बांधावं लागे, आणि तोवर वापरणाऱ्याच्या यंत्रावर जुनी, सदोष प्रत पडून राही. तत्त्वाने शुद्ध असलेल्या निर्णयाचा भार शेवटी पॅकेज सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांच्या माथी आला.

यातून 'मल्टिआर्च' निघालं. टॉलेफ फोग हीन आणि इतरांनी २००४-०५ पासून या कल्पनेची मांडणी केली होती. तिचं सार साधं आहे. रुंदी सांगणारा आकडा सोडून द्यायचा आणि प्रत्येक प्रकाराला त्याच्या पूर्ण नावाची उपडिरेक्टरी द्यायची. ६४ बिटींसाठी 'एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू', ३२ बिटींसाठी 'आय३८६-लिनक्स-जीएनयू', एआरएमसाठी त्याचं स्वतःचं नाव. कुणी मूळचा नाही, कुणी पाहुणा नाही. कितीही प्रकार शेजारी शेजारी राहू शकतात.

कल्पना मांडायला एक निबंध पुरला, अमलात आणायला आठ वर्षं लागली. हजारो पॅकेजांतल्या लायब्ररी हलवायच्या होत्या. कंपाइलर आणि लोडरला नवे रस्ते शिकवायचे होते. पॅकेजे बसवणाऱ्या 'डीपीकेजी'ला एकाच पॅकेजच्या दोन प्रकारच्या प्रती एकाच वेळी सांभाळायला शिकवणं हे सर्वांत किचकट ठरलं. दोन्ही प्रतींतली माहितीपत्रकं तंतोतंत सारखी असतील तर ती फाइल एकदाच ठेवायची, आणि शेवटची प्रत निघेपर्यंत पुसायची नाही, असा हिशेब त्याला ठेवावा लागला. ही क्षमता 'डीपीकेजी'त २०१२ मध्ये आली. डेबियनवर बेतलेल्या उबुंटूत स्टीव्ह लँगासेक यांच्या पुढाकाराने एप्रिल २०११ च्या ११.०४ या आवृत्तीत लायब्ररी हलू लागल्या होत्या. डेबियनमध्ये मे २०१३ ची सातवी आवृत्ती मल्टिआर्च घेऊन आली आणि 'आयए३२-लिब्ज'ला निरोप मिळाला. सी-डॅकची 'बॉस' प्रणाली डेबियनवरच आधारलेली असल्याने ही मांडणी सरकारी कार्यालयांतल्या संगणकांपर्यंतही गेली.

तरीही डेबियनला 'लिब६४' पूर्ण पुसता आलं नाही. लोडरचा तो गोठवलेला पत्ता प्रत्येक ६४ बिटी प्रोग्रॅममध्ये कोरलेला आहे. त्या एका पत्त्यासाठी 'लिब६४' आजही तिथे उभं आहे. लोडर ज्या प्रकल्पातून येतो त्या ग्लिबसीच्या २.२५ आणि २.२६ या २०१७ मधल्या आवृत्त्या प्रसिद्ध करण्याची जबाबदारी पुण्यात रेड हॅटमध्ये काम केलेल्या सिद्धेश पोयरेकर यांनी सांभाळली होती. या प्रकल्पात जुनं न मोडणं हा जवळजवळ धर्म आहे.

परळ-लालबागच्या छापखान्यांना हा बदल भेटला तो मात्र विंडोजच्या रूपाने. गणेशोत्सव मंडळांची पावतीपुस्तकं, वार्षिक अहवाल, लग्नपत्रिका लावणाऱ्या डीटीपीवाल्यांचं जग पेजमेकर आणि युनिकोडपूर्व मराठी फाँट यांवर चालत होतं. २००९ च्या अखेरीस विंडोज ७ आलं आणि नव्या संगणकांवर हळूहळू ६४ बिटी आवृत्ती दिसू लागली. त्यातलं एक फोल्डर आजही नवख्याला चकवतं. 'सिस्टिम३२' नावाच्या फोल्डरमध्ये ६४ बिटी लायब्ररी असतात आणि 'सिसवॉव६४' नावाच्या फोल्डरमध्ये ३२ बिटी.

यामागे पक्कं कारण आहे. १९९३ च्या विंडोज एनटीत १६ बिटींना 'सिस्टिम' ठेवून नवे ३२ बिटी 'सिस्टिम३२'मध्ये गेले होते. तेव्हा नव्याने जागा बदलली होती. पुढच्या दहा वर्षांत असंख्य प्रोग्रॅमरांनी 'सिस्टिम३२' हे नाव आपल्या कोडमध्ये थेट लिहून टाकलं. तोच कोड ६४ बिटांसाठी पुन्हा कंपाइल केल्यावर विनाअडचण चालावा म्हणून मायक्रोसॉफ्टने या वेळी नाव नव्याला दिलं आणि जुन्याला हलवलं. जुन्या प्रोग्रॅमला ते कळूही नये अशी व्यवस्था केली. ३२ बिटी प्रोग्रॅमने 'सिस्टिम३२' मागितलं की विंडोज त्याला गुपचूप 'सिसवॉव६४'कडे वळवतं.

म्हणून ३२ बिटी पेजमेकर चालू शकत होतं. अडत होतं ते दोन ठिकाणी. त्या काळातल्या कितीतरी ३२ बिटी सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर १६ बिटी असे, आणि ६४ बिटी विंडोजने १६ बिटी प्रोग्रॅम चालवणं पूर्ण सोडलं होतं. दुसरं म्हणजे हार्डवेअर लॉक. कॉपी होऊ नये म्हणून संगणकाला जोडायच्या त्या छोट्या ठोकळ्याला ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्यात शिरतो, आणि गाभा ६४ बिटी असला की ३२ बिटी ड्रायव्हर तिथे चालत नाही. लायब्ररींच्या दोन प्रती दोन फोल्डरांत ठेवता येतात, गाभा मात्र एकच असतो. नवा ड्रायव्हर न मिळालेल्याला जुना संगणक जपून ठेवणं किंवा ३२ बिटी विंडोज टाकून घेणं, एवढेच मार्ग उरत. वर्षानुवर्षांच्या फाइली जुन्या फाँटमध्ये असलेल्या छपाईवाल्यासाठी हे संकट खरोखरचं होतं.

२०१९ मध्ये याच प्रश्नाने पुन्हा उचल खाल्ली. ॲपलने मॅकवरून ३२ बिटी प्रोग्रॅम कायमचे हद्दपार केले. त्याच वर्षी जूनमध्ये उबुंटूनेही ३२ बिटी पॅकेजे बंद करण्याची घोषणा केली, पण स्टीमवरचे जुने खेळ आणि वाइन वापरणाऱ्यांनी इतका जोरदार विरोध केला की काही दिवसांतच निर्णय फिरवून निवडक लायब्ररी ठेवाव्या लागल्या. पुण्यात सी-डॅकचा 'परम सिद्धी-एआय' नोव्हेंबर २०२० मध्ये जागतिक यादीत ६३ वा आला. तो एनव्हिडियाच्या डीजीएक्स यंत्रांवर उभा आहे आणि त्या यंत्रांची मूळ प्रणाली उबुंटूवर बेतलेली असते, म्हणजे मल्टिआर्चची. स्पार्कव्ही९, एआयएक्सचा गठ्ठा, लिब६४ आणि मल्टिआर्च: या वादात निघालेली प्रमुख उत्तरं एकट्या परम घराण्याच्या वाटेवर ओळीने भेटतात.

डेबियनची तेरावी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली. तिच्यात इंटेलच्या ३२ बिटी प्रकारासाठी स्वतंत्र इन्स्टॉलर नाही, कर्नलही नाही. तो प्रकार आता ६४ बिटी यंत्रावर जुने प्रोग्रॅम चालवण्यापुरता, आपल्या उपडिरेक्टरीत राहतो. याच आवृत्तीसाठी बाकीच्या ३२ बिटी प्रकारांत वेळ मोजणारा आकडा ६४ बिटांचा केला गेला, कारण ३२ बिटी आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी भरतो. मल्टिआर्च घडवणारे स्टीव्ह लँगासेक याही कामाच्या अग्रभागी होते. २०२५ च्या सुरुवातीलाच त्यांचं निधन झालं. इंटेलच्या ३२ बिटी प्रकाराला मात्र या बदलातून मुद्दाम वगळलं आहे. त्याच्या लायब्ररीतला वेळ रुंद केला, तर ज्या जुन्या तयार प्रोग्रॅमांसाठी त्या लायब्ररी जपल्या आहेत, नेमके तेच चालायचे थांबतील.